अ‍ॅन्सिबलने बदललेली फाइल पुन्हा पुन्हा बिघडते? या क्रमाने शोधा

लक्षणं

अ‍ॅन्सिबल म्हणजे बऱ्याच सर्व्हरवरची सेटिंग एकाच ठिकाणावरून बदलणारं टूल. त्याच्या कामांची यादी म्हणजे प्लेबुक, यादीतलं एक काम म्हणजे टास्क, आणि यादी एकदा चालवणं म्हणजे रन. बिघाड असा दिसतो: फाइलमध्ये एकच ओळ दोनदा, चारदा, कधी प्रत्येक रनमागे एक अशी वाढत गेलेली असते. कोणी काही बदललं नसलं तरी प्लेबुक दरवेळी पिवळ्या अक्षरांत 'चेंज्ड' म्हणतं. कधी याच्या अगदी उलट असतं: सगळं हिरवं, 'ओके', पण सर्व्हिस जुन्याच आकड्यावर चालते. दुपारी दुरुस्त केलेली सेटिंग अर्ध्या तासात परत पहिल्यासारखी होते. बारा सर्व्हरपैकी अकरा नीट असतात आणि बारावा ऐकत नाही. सगळ्यात वाईट प्रकार शेवटचा. बदल करून महिना झालेला असतो, कोणाच्या तो लक्षातही नसतो, आणि सर्व्हर बंद करून चालू केला की सर्व्हिस उठत नाही.

हे शेवटचं लक्षण मला शुक्रवारी भेटतं. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि विजेची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. म्हणून बऱ्याच छोट्या कारखान्यांत बुधवारी रात्री सर्व्हर बंद करतात आणि शुक्रवारी पहिल्या पाळीला चालू करतात. साडेसातला फोन येतो, "ताई, काल तर चालू होतं." काल सुट्टी होती, पण परवापर्यंत खरोखर चालू होतं, आणि ते का चालू होतं हेच पुढे शोधायचं आहे.

मी अशा कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. हा एकच बिघाड इतक्या वेळा काढला आहे की तपासायचा क्रम ठरून गेला आहे: आधी फुकटचं आणि पाच मिनिटांचं, मग अवघड. उदाहरणं अ‍ॅन्सिबलची देते आहे, पण पपेट या तशाच टूलचं फाइल_लाइन असो, सॉल्टचं फाइल.रिप्लेस असो की स्क्रिप्टमधली सेड ही मजकूर बदलणारी कमांड, दुखणं तेच असतं. कमांड आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत.

आधी पुन्हा रन करायचं थांबवा

बिघाड दिसला की हात पहिला प्लेबुक पुन्हा चालवायला जातो. तो आवरा. प्रत्येक रन नवी ओळ टाकत असेल तर तुम्ही स्वतःच पुरावा गाडताय. फाइल डोळ्यांनी बघा. ओळींचे नंबर दाखवणारा पर्याय लावून ग्रेप ही शोधायची कमांड चालवा आणि सेटिंगचं नाव किती वेळा आलंय, कुठल्या ओळीवर, हॅश लावून बंद केलेलं की चालू, ते टिपून घ्या. मग प्लेबुक चेक आणि डिफ हे पर्याय लावून, लिमिटने एकाच सर्व्हरपुरतं चालवा. चेकमुळे काही लिहिलं जात नाही, आणि कुठली ओळ जाऊन कुठली येणार ते डिफ उणे-अधिक चिन्हांनी दाखवतं.

इथे दोन गोष्टी सांभाळा. शेल आणि कमांड या, थेट कमांड चालवणाऱ्या, मॉड्यूलची टास्क चेकमध्ये वगळली जातात, त्यामुळे 'चेकमध्ये सगळं शांत होतं' याचा त्या टास्कपुरता काहीच अर्थ नसतो. दुसरं म्हणजे डिफमध्ये पासवर्डही उघडे दिसतात. तो स्क्रीनशॉट टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

एखाद्या शेल टास्कमध्ये इको करून >> ने ओळ फाइलच्या शेवटी ढकललेली सापडली, तर शोध संपला. ती टास्क फाइलमध्ये काय आहे ते न बघताच दरवेळी ओळ टाकणार. ती काढून लाइनइनफाइल हे, फाइलमधली एक ओळ हवी तशी ठेवणारं, मॉड्यूल वापरा.

ओळ दोनदा आहे, मग सर्व्हिस कुठली मानते?

हे माहीत नसताना केलेली दुरुस्ती नशिबावर चालते. प्रत्येक सर्व्हिसचा नियम वेगळा आहे.

एसएसएचडी, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सर्व्हिस, बहुतेक सेटिंगसाठी पहिली सापडलेली किंमत धरते आणि नंतरच्या सोडून देते. लाइनइनफाइलला रेजेक्स, म्हणजे ओळ शोधायचा नमुना, जुळला नाही तर ते ओळ फाइलच्या शेवटी टाकतं. म्हणजे वर 'परमिटरूटलॉगिन येस' असेल आणि तुमचं 'नो' तळाशी गेलं, तर प्लेबुक हिरवं आणि रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं, लॉगिन उघडं. त्यातच फाइलच्या शेवटी मॅच ब्लॉक (ठरावीक युजरपुरत्या सेटिंगचा भाग) असला तर तुमची ओळ त्या ब्लॉकच्या पोटात जाते आणि फक्त त्याच युजरना लागू होते. उबुंटू 22.04 वर आणखी एक खाच आहे. मुख्य फाइलच्या वरच्या भागातच इन्क्लूडची, म्हणजे दुसऱ्या फाइली आत घेणारी, ओळ असते, त्यामुळे एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. तिथे 50-क्लाउड-इनिट.कॉन्फ पडलेली असेल आणि तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन येस' असेल, तर मुख्य फाइलमध्ये तुम्ही शंभर वेळा 'नो' लिहा, पासवर्डने लॉगिन चालूच राहील.

पोस्टग्रेस हा डेटाबेस उलट आहे. त्यात शेवटची ओळ जिंकते, आणि कोणी अल्टर सिस्टिम ही सेटिंग बदलणारी कमांड चालवली असेल तर पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ सगळ्यांवर मात करते. सिसकंट्रोलमध्येही (कर्नलच्या सेटिंगमध्ये) शेवटची किंमत टिकते. इंजिनएक्स हे वेब सर्व्हर तिसऱ्याच जातीचं आहे. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ, म्हणजे अपलोडची कमाल मर्यादा, एकाच ब्लॉकमध्ये दोनदा दिसलं की 'डायरेक्टिव्ह इज डुप्लिकेट' म्हणून ते अडून बसतं.

त्यामुळे फाइल वाचून अंदाज बांधू नका, सर्व्हिसलाच विचारा. एसएसएचडीला कॅपिटल टीचा पर्याय दिला की ती प्रत्यक्षात मानत असलेल्या सगळ्या किंमती छापते. इंजिनएक्सला तोच पर्याय दिला की इन्क्लूडसकट सगळं कॉन्फिगरेशन सलग समोर येतं. पोस्टग्रेसमध्ये पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधला सोर्सफाइल कॉलम किंमत कुठल्या फाइलमधून आली ते सांगतो.

काही वेळा ओळ बरोबर असते आणि फाइलच चुकीची. लिमिट्स.कॉन्फमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा 65536 लिहिली तरी जावाची सर्व्हिस 1024 वरच अडते, ही तक्रार मला वर्षातून दोन-तीनदा येते. ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) वाचतं. सिस्टिमडीने (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने) उठवलेली सर्व्हिस त्या दारातून येतच नाही. तिच्यासाठी युनिटच्या ड्रॉप-इनमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या व्याख्येला जोडलेल्या छोट्या फाइलमध्ये, लिमिटनोफाइल लिहावं लागतं आणि मग डेमन-रीलोड करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. खरा आकडा प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली लिमिट्स नावाच्या फाइलमध्ये दिसतो.

रेजेक्स

ओळी वाढण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. लाइनइनफाइलला नुसती ओळ दिली आणि रेजेक्स दिला नाही, तर ते तंतोतंत तीच ओळ शोधतं. आज क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ 20 एमबी लिहिलंत, पुढच्या महिन्यात 50 केलंत, तर 20 ची ओळ त्याच्या लेखी परकी ठरते. ती तशीच राहते आणि शेजारी 50 ची नवी येते.

रेजेक्स लिहिताना तो बदलाआधीच्या ओळीला आणि बदलानंतरच्या ओळीला, दोन्हींना जुळला पाहिजे. हॅश लावून बंद केलेल्या ओळीलाही जुळावा म्हणून सुरुवातीला ^#? ठेवा आणि नाव व किंमत यांच्यामध्ये स्पेस असो वा टॅब, दोन्ही चालतील असं लिहा. सुरुवातीची ती टोपी, ^, कधीही विसरू नका. ती विसरल्याने काय होतं ते मी एका डेटाबेसवर पाहिलंय. पोस्टग्रेसच्या मेमरीच्या सेटिंगसाठी रेजेक्स नुसता 'वर्क_मेम' होता. तो 'मेंटेनन्स_वर्क_मेम' या ओळीलाही जुळतो. आणि एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर लाइनइनफाइल त्यातली शेवटची बदलतं. मेंटेनन्सची 1 जीबीची ओळ पुसली गेली, तिच्या जागी दुसरी वर्क_मेम आली आणि मेंटेनन्स मुकाट्याने 64 एमबीच्या डिफॉल्टवर आलं. पुढचा प्रत्येक रन हिरवा. रात्रीचं इंडेक्सचं काम सकाळी शिफ्ट सुरू झाली तरी चालू राहायला लागलं तेव्हा कुठे कोणीतरी विचारलं.

लाइनइनफाइलचा बॅकरेफ्स हा पर्याय चालू केला असेल तर वागणं बदलतं, हेही ध्यानात ठेवा. तेव्हा रेजेक्स जुळला नाही तर फाइलला हातच लागत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. 'बारावा सर्व्हर ऐकत नाही' या तक्रारीत मी हे आधी बघते. त्या एका मशीनवर ओळ कोणीतरी हाताने वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते.

ब्लॉकइनफाइलमध्ये (अनेक ओळींचा ब्लॉक टाकणाऱ्या मॉड्यूलमध्ये) ओळखीची खूण म्हणजे मार्कर. एकाच फाइलमध्ये दोन टास्क डिफॉल्ट मार्करने ब्लॉक टाकत असतील तर त्या एकमेकींचा ब्लॉक पुसतात आणि दोन्ही कायम 'चेंज्ड' दाखवतात. लूपमध्ये वापरत असाल तर प्रत्येक आयटमचं नाव मार्करमध्ये घाला. मार्करमध्ये तारीख मात्र कधीही घालू नका. उद्या ती जुळणार नाही आणि नवा ब्लॉक तयार होईल.

न दिसणारी अक्षरं

डोळ्यांना दोन ओळी सारख्या दिसतात आणि टूलला दिसत नाहीत, तेव्हा कॅट या फाइल छापणाऱ्या कमांडला कॅपिटल 'ए' (A) चा पर्याय देऊन फाइल छापा. ओळीच्या शेवटी नुसता $ हवा. ^ सोबत एम दिसला तर फाइल विंडोजवरून आलेली आहे. टॅब, मागे राहिलेल्या स्पेस आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं, सगळं तिथे उघडं पडतं. फोनच्या कीबोर्डवरून आलेली ओळ मी प्लेबुकमध्ये कधीच चिकटवत नाही, हाताने टाइप करते.

फाइल बरोबर, सर्व्हिस जुनी

शुक्रवारच्या फोनचं उत्तर इथे आहे.

हँडलर, म्हणजे बदल झाल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट किंवा रीलोड करणाऱ्या टास्क, प्लेच्या (प्लेबुकच्या एका भागाच्या) शेवटी चालतात, आणि फाइल बदलली तरच त्यांना निरोप जातो. समजा फाइल बदलली, निरोप गेला, पण त्याच सर्व्हरवर पुढची एखादी टास्क फसली. प्ले तिथेच थांबला आणि हँडलर चाललाच नाही. तुम्ही ती टास्क दुरुस्त करून पुन्हा रन केलंत. आता फाइल आधीच बदललेली आहे, म्हणून 'ओके', म्हणून निरोप नाही, म्हणून रीस्टार्ट नाही. सर्व्हिस जुनं कॉन्फिगरेशन पोटात धरून पुढच्या बंद-चालूपर्यंत धावत राहते. सर्व्हिस कधीपासून चालू आहे ती वेळ सिस्टिमकंट्रोलच्या स्टेटसमध्ये बघा आणि फाइल शेवटची कधी बदलली ती स्टॅटमध्ये. सर्व्हिसची वेळ जुनी असेल आणि मधे रीलोडही झालेला नसेल, तर निदान झालं. प्लेबुकला फोर्स-हँडलर्स लावल्याने ही पळवाट बुजते.

चाकणच्या एका कारखान्यात इंजिनएक्सचं असंच झालं. वर सांगितलेली 20 आणि 50 ची जोडी फाइलमध्ये बसली होती. चुकीच्या फाइलवर रीलोड करायला सांगितलं की चालू असलेलं इंजिनएक्स जुन्या कॉन्फिगरेशनवरच चालू राहतं, त्यामुळे बाहेर कोणाला काही कळलं नाही. गुरुवारची सुट्टी झाली, शुक्रवारी सर्व्हर चालू केला आणि इंजिनएक्स उठेना. गेटपासचं पान त्याच्यामागे होतं. मी भोसरीहून पोचेपर्यंत माल भरलेल्या गाड्या गेटच्या आत उभ्या होत्या आणि ड्रायव्हर उन्हात. एक ओळ काढायला एक मिनिट लागलं.

म्हणून व्हॅलिडेट हा पर्याय मी आता सोडत नाही. त्याने आधी तात्पुरती फाइल तपासली जाते आणि पास झाली तरच जागेवर जाते. सुडोअर्ससाठी (रूटचे अधिकार कोणाला ते ठरवणाऱ्या फाइलसाठी) व्हीसुडोची तपासणी, एसएसएचडीसाठी तिचीच लहान टीची. इन्क्लूडने जोडलेल्या तुकड्यांना हे नीट लागत नाही, कारण तो तुकडा एकटा वाचला तर अर्धवटच असतो. तिथे मी हँडलरमध्ये आधी पूर्ण कॉन्फिगरेशनची तपासणी आणि मग रीलोड असा क्रम ठेवते, आणि तपासणी नापास झाली तर प्लेबुक लाल होऊ देते.

या फाइलचा मालक कोण?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी सेटिंग परत फिरते, तर तुमच्याशिवाय आणखी कोणीतरी त्या फाइलमध्ये लिहितंय. आधी फाइलचं डोकं वाचा. नेटवर्कमॅनेजर, क्लाउड-इनिट (सर्व्हर सुरू होताना सेटिंग लावणारं टूल) आणि बरीच टूल्स पहिल्या काही ओळींतच आपलं नाव लिहून ठेवतात, आणि आपण ते वाचत नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस सर्व्हरची फाइल) तर बऱ्याच ठिकाणी खरी फाइल नसून सिस्टिमडी-रिझॉल्व्हडच्या फाइलकडे नेणारी सिमलिंक असते. तिच्यात लिहिलेलं टिकत नाही.

मग वेळ बघा. दर अर्ध्या तासाने परत फिरत असेल तर पपेटचा एजंट शोधा, तो डिफॉल्टने 30 मिनिटांनी धावतो. जुनी टीम गेली तरी तिचा एजंट सर्व्हरवर राहून जातो, असं मी दोन ठिकाणी पाहिलंय. फक्त रीबूटनंतर परत फिरत असेल तर क्लाउड-इनिट. होस्ट्स फाइल त्याच्या ताब्यात दिलेली असेल तर ती प्रत्येक बूटला नव्याने लिहिली जाते. रोज ठरावीक वेळी होत असेल तर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय.

वेळेवरून कळलं नाही तर ऑडिटडीला त्या फाइलवर पहारा लावा. लिहिणं आणि अ‍ॅट्रिब्यूट बदलणं या दोन्हींची नोंद मागा आणि त्याला एक नाव द्या. पुन्हा बदल झाला की त्या नावाने ऑसर्च करा. कुठल्या युजरने, कुठल्या प्रोग्रामने फाइलला हात लावला ते समोर येतं.

चॅटर वापरून फाइल 'इम्युटेबल' (कोणालाही बदलता न येणारी) करून टाकणारे बरेच आहेत. मी ते काढून टाकते. दुसऱ्या लिहिणाऱ्याला दार बंद होतं खरं, पण त्याची कामं आत फसत राहतात आणि सहा महिन्यांनी पॅकेज अपग्रेड अडतं तेव्हा कोणाला कारण आठवत नाही. खरा उपाय एकच: एका फाइलला लिहिणारा एकच. फाइल पूर्ण तुमची असेल तर ओळी दुरुस्त करत बसू नका, टेम्पलेटने सगळी फाइल लिहा. पॅकेजची किंवा दुसऱ्या टूलची असेल तर तिला हात न लावता डॉट-डीच्या (एसएसएचडी_कॉन्फिग.डीसारख्या) फोल्डरमध्ये तुमची वेगळी छोटी फाइल ठेवा. दोन्ही जमत नसेल, तेव्हाच लाइनइनफाइल.

कंटेनर असेल तर

अ‍ॅन्सिबल नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी ठेवतं. सेडचा जागच्या जागी बदलण्याचा पर्यायही तसाच चालतो. नाव तेच राहतं, आयनोड (डिस्कवरची फाइलची खरी ओळख) बदलतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या खोक्यात) बाहेरची एकच फाइल बाइंड-माउंट करून जोडलेली असेल तर कंटेनर जुन्या आयनोडलाच धरून बसतो आणि त्याला जुना मजकूर दिसत राहतो. कंटेनर रीस्टार्ट करा, आणि कायमचं म्हणून फाइलऐवजी तिचं फोल्डर माउंट करा. हेच कंटेनरच्या आतून करायला गेलात तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतं. अनसेफ_राइट्स या पर्यायाने ते सुटतं, पण अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाण्याचा धोका तुम्ही पत्करलेला असतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सुडोअर्स, पॅम किंवा एसएसएचडी बिघडलं असेल आणि तुमचं एक सेशन अजून उघडं असेल, तर ते बंद करू नका. तेवढंच दार उरलंय. कन्सोलचा अ‍ॅक्सेस असलेल्या माणसाला बोलवा, आणि तो येईपर्यंत रीबूट नाही. एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) चूक असेल तरीही हेच. चुकीच्या ओळीमुळे सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतो आणि मग दुरून काही करता येत नाही.

चालू डेटाबेसच्या फाइलमध्ये काय बदललं ते कळत नसेल तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. दोन टूल्स दोन वेगळ्या टीमची असतील तर दुसऱ्या टीमचा एजंट स्वतःहून बंद करू नका, त्यांना सोबत बसवा.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. ऑथराइज्ड_कीजमध्ये (पासवर्डशिवाय लॉगिन करू देणाऱ्या किल्ल्यांच्या फाइलमध्ये) किंवा क्रॉनमध्ये अनोळखी ओळ आहे, काढली तरी परत येते आणि ती कोणाचीच नाही, तर तो कॉन्फिगरेशनचा घोळ नसून घुसखोरी असू शकते. ओळ पुसू नका, सर्व्हर बंद करू नका. मालकांना सांगून त्याच तासात सुरक्षा तज्ज्ञाला बोलवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात.

जाणकार येण्याआधी त्याच्यासाठी एवढं काढून ठेवा: बिघडलेल्या फाइलची आहे तशी प्रत, तिचा स्टॅट, चेक-डिफचा निकाल, ऑसर्चचा निकाल, शेवटचा यशस्वी रन कधी झाला ती वेळ, आणि त्यानंतर कोणी सर्व्हरवर हाताने काही केलं असेल तर तेही. रागावले जाऊ म्हणून लोक हे शेवटचं लपवतात, आणि मग त्यातच माझे दोन तास जातात.